रानातल्या कळपांत सहकार्य आणि म्हातारपण कसे मोजावे

म्हातारी मादी कळपातल्या पिलांना कमी भरवते का, हा प्रश्न ऐकायला सोपा आहे. पण उत्तर द्यायचे तर तीच मादी तरुणपणी किती भरवत होती हे ठाऊक असावे लागते. आज कळपात दिसणाऱ्या चार म्हाताऱ्या आणि चार तरुण माद्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या, तर ती दोन पिढ्यांची तुलना होते, वयाची होत नाही. या अभ्यासातली सगळी मेहनत, म्हणजे रिंगा, पिंजरे, वह्या आणि रक्ताचे थेंब, एवढ्यासाठीच असते: तोच प्राणी, जन्मापासून मरेपर्यंत, पुन्हा पुन्हा पाहणे.

प्राणी निवडताना

आधी आपल्या हातात किती वर्षे आहेत ते बघा. बबून विशीच्या पुढे जगतात. केनियातल्या अँबोसेलीत त्यांच्या नोंदी १९७१पासून सुरू आहेत, म्हणून तिथे बालपणीच्या हालअपेष्टा आणि म्हातारपण यांचा संबंध तपासता येतो. पाच वर्षांच्या निधीवर नव्याने बबूनांचे म्हातारपण मोजायला निघणे व्यर्थ आहे. नवे काम उभे करायचे असेल तर दहा-बारा वर्षांत आयुष्य आटोपणारा, दिवसा वावरणारा, ठरलेल्या हद्दीत राहणारा प्राणी घ्या. नाहीतर जुन्या नोंदी असलेल्या एखाद्या अभ्यासाला जोडून घ्या. दुसरा मार्ग बहुतेक वेळा शहाणपणाचा ठरतो.

मग प्राणी अभ्यासक्षेत्राबाहेर किती जातात ते तपासा. सेशेल्समधले कझिन बेट जेमतेम २९ हेक्टरांचे आहे आणि तिथले वटवटे (छोटे कीटकभक्षी पक्षी) बेट सोडून सहसा जात नाहीत. हंगामभर शोधूनही एखादा दिसला नाही, तर तो मेला असे धरता येते. मुख्य भूमीवर ही सोय नसते. पट्टेरी मुंगसांचा कळप अधूनमधून आपल्यातल्याच कित्येकांना एकदम हाकलून देतो. मीरकॅटमध्ये (हेही मुंगसाच्याच कुळातले) वरचढ मादी गाभण असताना दुय्यम माद्यांना पळवून लावते आणि त्यांतल्या काही थोड्या दिवसांनी परत येतात. अशा ठिकाणी ‘मृत’ हा शब्द वहीत घाईने लिहू नका. दोन तारखा लिहा: शेवटचा कधी दिसला, आणि पूर्ण कळप मोजूनही पहिल्यांदा कधी दिसला नाही. खाली कारण लिहा: मृतदेह सापडला, कळपातून हाकलला, किंवा अज्ञात. ज्या जातीत नर मोठे झाले की घर सोडतात, तिथे हे न पाळल्यास नर माद्यांपेक्षा लवकर म्हातारे होऊन मरतात असा खोटा निष्कर्ष हमखास निघतो.

वन्यजीव खात्याचा परवाना, प्राणी-नैतिकता समितीची मान्यता आणि पकडण्याच्या कामासाठी पशुवैद्य, या तिन्ही गोष्टी पहिल्या हंगामाच्या बऱ्याच आधी हातात असाव्यात.

ओळख पटवणे

पक्ष्यांसाठी रंगीत रिंगा सर्वांत खात्रीच्या. प्रत्येक पायात दोन, म्हणजे चार जागा. त्यांतली एक क्रमांक कोरलेल्या धातूच्या रिंगेची, उरलेल्या तीन रंगांच्या. आठ रंग असतील तर तीन जागांत ५१२ जोड्या होतात आणि धातूची रिंग चारही जागांवर फिरवली तर २०४८. प्रत्यक्षात आठ रंग वापरू नका. उन्हाने पिवळा फिकटून पांढऱ्यासारखा दिसतो, गर्द निळा सावलीत काळा वाटतो. दुर्बिणीतून नीट वेगळे दिसणारे पाच-सहा रंग घ्या आणि एकाच वेळी जिवंत असलेल्या दोन पक्ष्यांत एका रिंगेचाच फरक राहील अशा जोड्या शक्यतो टाळा.

रिंगा वाचण्याचा क्रम पहिल्या दिवशी ठरवा आणि तो कधीही बदलू नका: डावा पाय वरून खाली, मग उजवा पाय वरून खाली. डावा म्हणजे पक्ष्याचा डावा. पक्षी तोंड तुमच्याकडे करून फांदीवर बसला की त्याचा डावा पाय तुमच्या उजव्या हाताला येतो, आणि नव्या माणसाच्या वहीत निम्म्या चुका इथेच होतात. त्यासाठी नोंदीच्या कागदावर पाठमोऱ्या पक्ष्याचे छोटे रेखाचित्र छापून घ्या आणि रंग त्या पायांवरच भरा. वहीत अशी जोडी आली की जी कधी कुणाला दिलेलीच नाही, तर ती ‘बहुधा अमुक पक्षी असेल’ म्हणून दुरुस्त करू नका. तशीच ठेवा आणि पुढे ‘अनिश्चित’ लिहा. तीन वर्षांपूर्वी मेलेला पक्षी अशा एका उदार दुरुस्तीने पुन्हा जिवंत होतो आणि म्हाताऱ्यांचे जगण्याचे प्रमाण फुगते. म्हातारे मुळात मोजकेच असल्याने अशी एकच चूक आलेखाचे टोक वर उचलते.

सस्तन प्राण्यांत मानेच्या कातडीखाली घालायची तांदळाच्या दाण्यापेक्षा जरा मोठी, १२ मिलिमीटर लांबीची पिट टॅग, म्हणजे क्रमांक साठवलेली इलेक्ट्रॉनिक चिप, कायमची खूण म्हणून चांगली. घालण्याआधी आणि घातल्यावर रीडरने तपासा, आणि सुईचे भोक थोडा वेळ दाबून धरा, नाहीतर टॅग आल्या वाटेने बाहेर येते. ही टॅग काही सेंटीमीटरवरूनच वाचता येते. म्हणून लांबून ओळखण्यासाठी वेगळी खूण लागते: केसांचा छोटा ठिपका भादरणे किंवा केसांना रंग लावणे. केस वाढले किंवा गळले की ही खूण जाते, तेव्हा दर काही महिन्यांनी ती ताजी करावी लागते. माग काढण्याची रेडिओ कॉलर सगळ्यांना नको. कळपातल्या एका-दोघांना पुरते, कारण कळप एकत्र हिंडतो. अंगावर चढवलेल्या सगळ्या वस्तूंचे वजन मिळून शरीराच्या तीन ते पाच टक्क्यांच्या आत असावे. वाढत्या पिलाला कॉलर कधीच नको.

पकडावे लागत नाही असेही प्राणी आहेत. किलर व्हेलच्या पाठीवरचा पर आणि त्यामागचा फिकट डाग, हत्तीच्या कानाच्या फाटलेल्या कडा, यांच्या फोटोंवर दशकानुदशके अभ्यास चालले आहेत. फोटो मात्र दोन्ही बाजूंचे हवेत. एकाच बाजूचे असतील तर एक प्राणी दोन नावांनी नोंदला जातो.

वय

जन्मतारीख माहीत असलेले प्राणीच या अभ्यासाचा कणा. म्हणून प्रजननाच्या काळात घरट्यांवर आणि बिळांवर फेऱ्या वाढवा, आणि पिले घरटे किंवा बीळ सोडून विखुरण्याआधी त्यांना खूण करा. काही जातींत निसर्गच थोडी मदत करतो. सेशेल्सच्या वटवट्याच्या पिलाचे डोळे आधी करडे असतात, मग फिकट तपकिरी होतात आणि प्रौढपणी तांबूस-तपकिरी. रिंग नसलेला पक्षी कोणत्या टप्प्यात आहे हे त्यावरून कळते, पण एकदा प्रौढ झाल्यावर डोळे काही सांगत नाहीत.

दातांची झीज पाहून वय ठरवण्याचा मोह आवरा. झीज अन्नावर अवलंबून असते. हलक्या जागेत राहणाऱ्याचे दात लवकर झिजतात, तो ‘म्हातारा’ ठरतो, आणि मग म्हाताऱ्यांची प्रकृती वाईट असते असे आपणच आपल्याला सिद्ध करून दाखवतो. डीएनएवरच्या मिथाइल खुणांवरून (वयाबरोबर बदलणाऱ्या रासायनिक खुणांवरून) वय काढणाऱ्या घड्याळांबाबतही हेच पथ्य पाळा. हे घड्याळ त्याच जातीच्या, जन्मतारीख ठाऊक असलेल्या प्राण्यांवर आधी जुळवून घ्या. आणि वय ठरवायला ते वापरले असेल, तर त्याच आकड्यावरून ‘हा वयाच्या मानाने झिजला आहे’ असे म्हणू नका.

अभ्यास सुरू झाला तेव्हा प्रौढच असलेल्या प्राण्यांना वगळायची गरज नाही. त्यांच्यापुढे ‘किमान वय’ लिहा आणि जगण्याच्या हिशेबात त्यांना पहिल्यांदा दिसल्या दिवसापासून धरा, जन्मापासून नव्हे. जन्मापासून धरले तर जे आधीच मेले ते तुम्हाला दिसलेच नाहीत, हे हिशेबातून निसटते.

सवय लावणे आणि वजन

रानटी कळप माणसाला सरावायला कित्येक महिने लागतात, कधी वर्षही. रोज त्याच वेळी जा, येताना एकच ठरलेला हलका आवाज करा, बसून राहा, आणि कळपाने धोक्याचा आवाज काढला की थांबा. मागे लागून अंतर कमी होत नाही, वाढते. सर्दी-खोकला असलेल्या माणसाने त्या दिवशी जाऊ नये, कारण माणसाचे आजार प्राण्यांना लागू शकतात.

सरावलेल्या कळपात वजन ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत बोलकी नोंद. कलहारीतल्या मीरकॅटच्या अभ्यासात पहाटेची रीत अशी: कळप बिळातून वर येऊन ऊन खात उभा असतो. बिळाजवळ इलेक्ट्रॉनिक काटा सपाट जागी ठेवलेला, त्यावर छोटे खोके, खोक्यासह काटा शून्यावर आणलेला. उकडलेल्या अंड्याचा चुरा किंवा पाण्याचा थेंब दाखवला की प्राणी स्वतःहून आत चढतो. आकडा स्थिर झाला की खूण बघायची, आकडा मोठ्याने म्हणायचा, दुसऱ्याने लिहायचा, आणि मगच पुढच्याला चढू द्यायचे. हे सगळे चरायला निघण्याआधी उरकले पाहिजे, कारण खाल्ल्यावर वजन चढते आणि सकाळचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. अंड्याचा चुरा प्रत्येकाला सारखाच आणि चिमटीएवढाच द्या. जास्त दिलात तर तुम्हीच त्यांना पोसायला लागता आणि मदतीची जी किंमत मोजायची, तिचा काही भाग तुम्हीच भरून काढता. काट्याखाली वाळूचा कण गेला तरी आकडा चुकतो, म्हणून रोज सुरुवातीला आणि शेवटी ठाऊक वजनाचे माप ठेवून तपासा.

सहकार्य मोजणे

आधी व्याख्या लिहा, आणि त्या इतक्या नेमक्या लिहा की नवा माणूस वाचून तेच नोंदवेल. ‘पहारा देणे’ एवढे पुरत नाही. ‘आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच जागी, डोके वर, दहा सेकंदांहून अधिक, मध्ये अन्न न शोधता’ हे पुरते. पिले राखणे, भरवणे, पहारा, अंग साफ करणे, दुसऱ्याच्या पिलांना पाजणे, शेजारच्या कळपाशी भांडणे, ही कामे वेगवेगळी ठेवा. त्यांची बेरीज करून एकच ‘सहकार्य गुण’ काढू नका. म्हातारा प्राणी धावपळीची कामे सोडून बसून राखण करायला लागतो का, हाच कदाचित सर्वांत रंजक प्रश्न असतो, आणि बेरजेत तो पुसला जातो.

घरट्यावरच्या पक्ष्यांसाठी एक तासाची बैठक घ्या. बसल्यावर पहिली पाच मिनिटे मोजू नका, पक्षी स्थिरावू द्या. प्रत्येक फेरीला वेळ, कोण आला, आणि चोचीच्या मानाने घास केवढा, हे लिहा. एक मोठा नाकतोडा आणणारा आणि पाच चिलटे आणणारा यांत फेऱ्या मोजल्या तर दुसरा उदार ठरतो. पिलांची संख्या आणि वय त्याच कागदावर हवे, कारण आठ दिवसांचे पिलू तीन दिवसांच्या पिलापेक्षा कितीतरी जास्त मागते. जमिनीवरच्या कळपांसाठी एका प्राण्यामागे २० मिनिटे राहून दर मिनिटाला नोंद करा. कुणामागे राहायचे याची यादी आदल्या रात्री चिठ्ठ्या टाकून ठरवा. जागेवर गेल्यावर ठरवले तर डोळा आपोआप धीट आणि जवळच्या प्राण्याकडे जातो. म्हातारे बहुतेक मंद आणि सरावलेले असतात, म्हणून त्यांच्या नोंदी वाढतात.

संधीही मोजावी लागते. पिलेच नसताना कुणी राखण करणार कशी? मुंगसांची पिले बिळात असतात त्या काळात प्राणी किती दिवस कळपात हजर होता आणि त्यांतले किती दिवस बिळाशी थांबला, ही दोन्ही आकडेमोडीची अंगे आहेत. सहा तासांत १२ घास आणि तीन तासांत १२ घास यांतला फरक कागदावर उतरायचा तर निरीक्षणाचा वेळ प्रत्येक ओळीत असला पाहिजे. पुढे सांख्यिकी मॉडेलमध्ये घासांची संख्या तशीच ठेवा आणि वेळेचा लॉगॅरिदम ‘ऑफसेट’ म्हणून, म्हणजे वेळेचा फरक हिशेबात धरणारी ठरलेली संख्या म्हणून द्या. आधीच भागाकार करून दर काढला, तर दहा मिनिटांची बैठक आणि तीन तासांची बैठक सारख्याच वजनाच्या ठरतात.

दर हंगामाच्या आरंभी दोन निरीक्षकांनी तेच प्राणी एकाच वेळी, एकमेकांशी न बोलता नोंदवावेत आणि जुळणी तपासावी. कप्पाचा आकडा (दोघांच्या नोंदी योगायोगापलीकडे किती जुळतात याचे माप) ०.८च्या खाली असेल तर व्याख्या सैल आहे. निरीक्षकाला दोष देण्याआधी व्याख्या घट्ट करा.

नमुने

पकडलेला प्राणी हातात असताना सगळे एकदाच उरका. रक्त शरीराच्या वजनाच्या एक टक्क्याच्या आत. १५ ग्रॅमच्या पक्ष्याकडून पंखाच्या शिरेतले २५ मायक्रोलीटर पुरते, कारण पक्ष्यांच्या तांबड्या पेशींतही डीएनए असतो. सस्तनांच्या तांबड्या पेशींत केंद्रकच नसते, म्हणून पांढऱ्या पेशींवर विसंबावे लागते, आणि आजारी प्राण्यात त्यांचे मिश्रण बदलते. तणावाच्या संप्रेरकाची मूळ पातळी हवी असेल तर पकडल्यापासून तीन मिनिटांत रक्त निघाले पाहिजे. उशीर झाला तर ते फक्त नात्याच्या तपासणीसाठी ठेवा आणि नळीवर तसे लिहा. पिंजरे सावलीत, झाकलेले, सतत नजरेखाली. गाभणपणाच्या शेवटच्या टप्प्यातल्या माद्यांना भूल देऊ नका. भूल पूर्ण उतरल्यावर, पकडले तिथेच सोडा.

टेलोमिअर, म्हणजे गुणसूत्रांची वयाबरोबर सहसा आखूड होणारी टोके, मोजणार असाल तर एका चुकीपासून विशेष जपा. प्रयोगशाळेत नमुने प्लेटांवर (एका वेळी अनेक नमुने मोजायच्या खाचांच्या ताटल्यांवर) वर्षवार लावले जातात, पहिल्या प्लेटवर २०१० सालचे, शेवटच्या प्लेटवर आत्ताचे. प्लेटागणिक मोजमाप थोडे हलते, आणि ते हलणे मग वय वाढल्यासारखे दिसते. सगळे नमुने चिठ्ठ्या टाकून प्लेटांवर विखरा, प्रत्येक प्लेटवर तोच एक ठरलेला नमुना ठेवा, आणि डीएनए काढण्याची पद्धत अर्ध्यात बदलू नका.

आकडेमोड: म्हातारपण लपते कसे

इथे सावकाश जा. समजा दहा माद्या आहेत. पाच दणकट, तासाला ६ घास आणणाऱ्या. पाच अशक्त, तासाला २ आणणाऱ्या. दोन वर्षांच्या वयात सरासरी ४. प्रत्येकीची क्षमता दर वर्षी अर्ध्या घासाने उतरते. सहाव्या वर्षापर्यंत अशक्त पाचही मेल्या. दणकट पाच आता ६ वरून ४ वर आल्या आहेत. सरासरी पुन्हा ४. आलेख सपाट. वयाने काहीच होत नाही असे दिसते, आणि खरे तर एकूण एक मादी उतरणीला लागली होती.

यावर उपाय म्हणजे वयाचे दोन स्तंभ करणे. पहिला, त्या प्राण्याच्या सगळ्या नोंदींतले सरासरी वय. दुसरा, प्रत्येक नोंदीचे वय वजा ती सरासरी. ३, ४, ५ या वयांत पाहिलेल्या मादीची सरासरी ४ आणि फरक −१, ०, +१. सात, आठ, नऊला पाहिलेलीची सरासरी ८, फरक तेच. दोन्ही स्तंभ मिक्स्ड मॉडेलमध्ये (एकाच प्राण्याच्या अनेक नोंदी हिशेबात घेणाऱ्या सांख्यिकी पद्धतीत) घाला, प्राण्याची ओळख रँडम घटक म्हणून, म्हणजे प्राण्या-प्राण्यातला मुळचा फरक म्हणून द्या. फरकाचा स्तंभ प्राण्याच्या आत काय बदलते ते सांगतो, सरासरीचा स्तंभ कोण टिकले ते. उतार सरळ रेषेत नसतो, तेव्हा वयाचा वर्गही (वय × वय) तपासा. प्रत्येकाचा उतार वेगळा असू द्यायचा असेल, तर प्रत्येकाच्या किमान तीन-चार नोंदी हव्यात, नाहीतर मॉडेल काहीतरी आकडा देते पण त्याला अर्थ नसतो.

मरणाआधीच्या शेवटच्या वर्षाचा वेगळा स्तंभ ठेवा. काही प्राणी हळूहळू खंगतात, काही शेवटपर्यंत ठणठणीत असून एकदम कोसळतात. हा स्तंभ नसेल तर दुसरे पहिल्यासारखे दिसतात. जिवंत असलेल्यांचे चालू वर्ष शेवटचे आहे की नाही हे आज कळत नाही, म्हणून ते वर्ष या तपासणीतून बाजूला ठेवा.

जगण्याच्या प्रमाणासाठी, प्राणी जिवंत असूनही न दिसण्याची शक्यता हिशेबात घेणारी कॉर्मॅक–जॉली–सीबर पद्धत वापरा. काही जातींत म्हातारे कमी हिंडतात, कडेला राहतात, कमी दिसतात. दिसण्याची शक्यता वयानुसार बदलू दिली नाही, तर ते खऱ्याहून लवकर मेल्यासारखे दिसतात.

मदतीमुळे आयुष्य वाढते, की उलट?

कझिन बेटावरच्या वटवट्यांत मादी मदतनीस (दुसऱ्याची पिले वाढवायला हातभार लावणारी मादी) लाभलेल्या वरचढ माद्यांची उतारवयातली घसरण कमी दिसते. पण वय वाढते तशी मदतनीस लाभण्याची शक्यताही वाढते. शिवाय चांगल्या हद्दीत किडे भरपूर, म्हणून पिले जास्त, म्हणून मदतनीस जास्त, आणि खाऊनपिऊन आयुष्यही जास्त. ही गाठ सोडवायला हद्दीतले अन्न दर हंगामी मोजा आणि त्याच मादीची मदतनीस असलेली वर्षे व नसलेली वर्षे एकमेकांशी ताडून बघा. शक्य तिथे प्रयोग करा: मदतनिसांपैकी ठरावीक प्राण्यांना थोडे जादा अन्न द्या, किंवा पिलांच्या मागण्याचे आवाज वाजवून कामाचा ताण वाढवा. कुणाला द्यायचे ते चिठ्ठ्या टाकून ठरवा. मदतनीस काढून टाकण्याचे प्रयोग लहान कळपात करू नयेत असे आमचे ठाम मत आहे. रिकामी जागा दुसरे प्राणी बळकावतात आणि मिळणारे उत्तर त्या उलथापालथीचे असते.

नातेही वयाबरोबर बदलते, हे विसरले जाते. किनाऱ्यालगतच्या रहिवासी किलर व्हेलमध्ये मुलगे आणि मुली दोघेही आईच्या कळपातच राहतात, आणि बाप दुसऱ्या कळपातला असतो. मादी म्हातारी होते तशी तिच्याभोवती तिचीच लेकरे-नातवंडे वाढतात. तेव्हा कळपाशी असलेले सरासरी नाते जन्मभराचा एक आकडा म्हणून न लिहिता प्रत्येक हंगामासाठी नव्याने काढा. त्याच न्यायाने, म्हाताऱ्याचे सोबती कमी झाले तर तो स्वतः मागे सरला की त्याचे जुने सोबती मेले, हे वेगळे करा. प्वेर्तो रिकोच्या कायो सांतियागो बेटावरच्या ऱ्हीसस माकडांत माद्या वय वाढते तसे मोजक्या सोबत्यांवर लक्ष देतात असे आढळले. हे बोलता येते, कारण तिथे कोण हयात होते याची यादी रोजच्या रोज तयार असते.

वही

प्राण्याला दिलेला क्रमांक मेल्यावर दुसऱ्याला देऊ नका. प्राणी, दर्शन, पकड, नमुना आणि कळपातली ये-जा यांचे पाच वेगळे तक्ते ठेवा, जोडणारा दुवा तो क्रमांक. शून्य म्हणजे पाहिले आणि घडले नाही. मोकळा रकाना म्हणजे पाहिलेच नाही. हे दोन्ही एकत्र झाले की म्हातारे आळशी ठरतात. जुनी नोंद खोडू नका. दुरुस्ती नव्या ओळीत, तारीख आणि कारणासह. कागदी वही त्याच संध्याकाळी संगणकात उतरवा, कारण आठवडाभराने ‘तो शेपूट तुटका’ कोण हे कुणाला आठवत नाही. आणि जाणारा निरीक्षक व येणारा निरीक्षक यांना किमान एक महिना एकत्र ठेवा. त्या महिन्यात नवा माणूस प्राणी ओळखेल आणि जुना फक्त बरोबर की चूक एवढेच सांगेल. शंभर ओळखींत एकही चूक न झाल्याशिवाय नव्याच्या नोंदी मुख्य तक्त्यात घेऊ नका.